रेड ओकची लाकडी जमीन: १९५४च्या घरातल्या प्रकल्प नोंदी

१३ एप्रिल २०२४, शनिवार

घराच्या किल्ल्या हातात आल्या. न्यू जर्सीत एडिसनजवळ, १९५४ साली बांधलेलं छोटं केप कॉड पद्धतीचं घर. भाड्याचं अपार्टमेंट मे अखेरपर्यंत आमच्याकडे आहे, म्हणजे घर रिकामं असतानाच जमिनीचं काम उरकता येईल. गृहप्रवेश अक्षय्य तृतीयेला, १० मेला, असं दोन्ही घरच्यांनी ठरवून टाकलंय. सामान मागाहून आलं तरी चालेल, पण त्या दिवशी जमिनीवर पाय ठेवता आला पाहिजे.

आज हॉल आणि दोन्ही बेडरूममधलं कार्पेट काढलं. सुरीने पट्टे कापायचे, गुंडाळायचे, बाहेर टाकायचे. खालचा फोम कुजून जागोजागी लाकडाला चिकटला होता. भिंतीच्या कडेने खिळ्यांच्या पट्ट्या आणि मधे स्टेपलच स्टेपल. पट्ट्या छोट्या पहारीने भराभर निघाल्या. स्टेपल पकडीने एकेक उपटावे लागले. एखादा जरी राहिला तरी सँडरचा (जमीन घासायच्या मशीनचा) कागद फाटतो, म्हणून अंधार पडल्यावर टॉर्च जमिनीला टेकवून आडव्या उजेडात सगळं परत तपासलं. दिवसा न दिसलेले कितीतरी सापडले.

लाकूड: सव्वादोन इंच रुंदीच्या, पाऊण इंच जाडीच्या पट्ट्या, एकमेकींत खाचेने अडकवलेल्या. वरचा जुना थर म्हातारा होऊन नारिंगी झालेला. खिडक्यांखाली कुंड्यांचे काळे गोल डाग, कडेला खिळ्यांभोवती काळे ठिपके, मागच्या बेडरूमच्या कोपऱ्यात कुत्र्याच्या लघवीचा मोठा काळपट पट्टा. एकूण क्षेत्रफळ साधारण ६०० चौरस फूट.

स्वयंपाकघरात नऊ इंची जुन्या टाइल्स आहेत आणि उचकटलेल्या कडेखाली काळा गोंद दिसतो. त्या काळच्या अशा टाइल्समध्ये आणि गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्यांना आम्ही हातही लावणार नाही. ते परवानाधारकांचं काम.

१४ एप्रिल, रविवार

आजचा दिवस नुसता ओळख करून घेण्यात गेला, आणि मला तो अगदी हवा होता. स्टेनचा, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगाचा, डबा उघडण्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात: लाकूड कोणतं, त्यावर काय लावलंय आणि त्यात शिसं आहे का.

लाकूड ओक आहे हे रेषांवरून कळत होतं. रेड की व्हाइट, हा खरा प्रश्न. मागच्या बेडरूमच्या कपाटातली एक सैल पट्टी काढली, वीतभर तुकडा कापला, एक टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवलं आणि दुसऱ्या टोकाने जोरात फुंकर मारली. पाण्यात बुडबुडे आले. रेड ओकच्या नळ्या आरपार मोकळ्या असतात. व्हाइट ओकच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात, म्हणूनच व्हिस्कीची पिंपं व्हाइट ओकची करतात; रेड ओकची केली तर गळतील. मुलीने तो तुकडा पळवला आणि दिवसभर बुडबुडे काढत बसली.

हे नुसतं कुतूहल नाही. त्या मोकळ्या नळ्या स्टेन अधाशासारखा पितात आणि नंतर थोडा परत ओकतात. पुढच्या सगळ्या कामाची रीत त्यावर ठरते. रेड ओक हा न्यू जर्सीचा राज्यवृक्ष आहे, १९५० पासून. त्यानंतर चारच वर्षांनी बांधलेल्या घरात त्याचीच जमीन असावी हे मला फार आवडलं.

मग वरचा थर. पाण्याचे थेंब ठेवले, दहा मिनिटांनी त्यांच्याखाली पांढरट डाग उमटला: म्हणजे मेण आहे. मेण पुसून त्याच जागी स्पिरिटचा बोळा धरला तर हॉलमध्ये काही झालं नाही, पण कपाटात थर मऊ होऊन बोटाला चिकटला. स्पिरिटमध्ये विरघळते ती लाख. म्हणजे हॉलवर नंतर कधीतरी वॉर्निश चढलंय आणि कपाटात मूळचा लाखेचा हात तसाच राहिलाय.

बाबांना चिपळूणला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. त्यांनी उभी हयात सागवानी फर्निचरला पॉलिश करण्यात घालवली. चपडी, म्हणजे लाखेचे पापुद्रे, रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवायची, फडक्यातून गाळायची आणि कापसाच्या गोळ्याने हातावर हात चढवायचे. ते एकदम खुलले. "अगं, चपडी आहे ती! तिकडे कशी पोचली?" पोचली कशी ते सोपं आहे. त्या काळात जगाला लाख पुरवणाऱ्यांत भारत आघाडीवर होता. जुन्या अठ्ठ्याहत्तर आरपीएमच्या तबकड्याही लाखेच्याच. आमच्या कपाटातली लाख भारतातूनच आली असेल, याचा संभव मोठा. बाबांना त्याचं जे अप्रूप वाटलं त्यात माझा अर्धा तास गेला, आणि तो चांगलाच गेला.

शेवटी शिसं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या घरात तपासल्याशिवाय सँडर लावणं म्हणजे विषारी धूळ घरभर उडवणं, आणि घरात लहान मूल आहे. जमिनीच्या थराचे आणि स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायथ्याच्या लाकडी पट्टीच्या) रंगाचे खरवडे वेगवेगळ्या पिशव्यांत भरून प्रयोगशाळेकडे पाठवले. उत्तर येईपर्यंत काहीही घासायचं नाही.

१८ एप्रिल, गुरुवार

अहवाल आला. जमिनीच्या थरात शिसं नाही. स्कर्टिंगच्या पांढऱ्या रंगात आहे. त्यामुळे कडेच्या गोल पट्ट्या कोरड्या न घासता, पाणी फवारून, प्लॅस्टिक अंथरून सावकाश काढायच्या आणि कडेचं मशीन स्कर्टिंगला अजिबात टेकवायचं नाही. स्कर्टिंगला खालून चार इंच रुंद जाड टेप लावून घेतली.

२० एप्रिल, शनिवार

कुत्र्याने खराब केलेल्या पट्ट्या बदलल्या. लघवीतला अमोनिया ओकच्या टॅनिनवर काम करत खोल उतरतो; घासून तो जात नाही आणि ब्लीचनेही पूर्ण निघत नाही. त्या पट्ट्या काढणं हाच उपाय.

नव्या पट्ट्या दुकानात मिळतात. लाकूड रेड ओकच, माप तेच. पण सत्तर वर्षं हवा खाल्लेलं लाकूड आणि कालपरवा कापलेलं लाकूड स्टेन सारखा घेत नाही. म्हणून कपाटाच्या आतल्या पट्ट्या काढून बेडरूमच्या कोपऱ्यात बसवल्या आणि कपाटात नव्या टाकल्या. कपाटात कोण रंग जुळवून बघतंय!

खराब पट्टी मधोमध सर्क्युलर सॉने, पट्टीच्या जाडीइतकीच खोली ठेवून, चिरायची. छिन्नीने फोडून बाहेर काढायची. नव्या पट्टीच्या खाचेचा खालचा ओठ कापून ती वरून आत बसवायची. हे सगळं नवऱ्याने केलं. त्याचा हात या कामाला माझ्यापेक्षा बरा आहे. मी दिवसभर हातोडी आणि नेल सेट (खिळ्याचं डोकं आत दाबायचा टोचा) घेऊन वर आलेले खिळे खाली ठोकत होते.

उरलेल्या कपाटाच्या पट्ट्या जपून ठेवल्या. नमुने करायला यांच्याइतकं चांगलं लाकूड मिळणार नाही.

पट्ट्यांमधल्या बारीक फटींचं काय, असा प्रश्न निघाला. भरायच्या नाहीत, हे माझं मत. हिवाळ्यात हीटिंगने हवा कोरडी होते, लाकूड आकसतं आणि फटी उघडतात. उन्हाळ्याच्या दमट हवेत त्या मिटतात. कोकणात पावसाळ्यात दारं फुगून चौकटीत अडतात, तोच प्रकार. हलणाऱ्या फटीत लांबी (पुट्टी) भरली की ती एक-दोन ऋतूंत भुगा होऊन बाहेर येते. फक्त खिळ्यांची भोकं आणि फुटलेल्या कडा भरायच्या.

२७ एप्रिल, शनिवार

भाड्याने ड्रम सँडर (फिरत्या दंडगोलावर कागद असलेलं मशीन), कडेसाठी एजर आणि शेवटी सगळं एकसारखं करायला बफर आणला. ड्रम सँडर शंभर पौंडांहून जड. दोघांनी उचलून पायऱ्या चढवला.

या मशीनचा एकच नियम पाळला तर बाकी सगळं सुरळीत जातं: ड्रम चालता चालता जमिनीला टेकवायचा आणि चालता चालताच उचलायचा. जागेवर थांबून टेकवला की क्षणात खळगा पडतो, आणि स्टेन लावला की तो खळगा सावलीसारखा उठून दिसतो. सव्वादोन इंची पट्टीच्या खाचेवर घासायला जेमतेम पाव इंच लाकूड असतं. प्रत्येक पूर्ण सँडिंगमध्ये त्यातलं थोडं कायमचं जातं. या घराची जमीन याआधी एकदा घासली गेली असावी. रेजिस्टरच्या (जमिनीतल्या हवेच्या झरोक्याच्या) भोकात कड मोजली, अजून पुरेसं लाकूड शिल्लक आहे.

आधी ३६ नंबरचा कागद (नंबर जितका लहान तितका कागद खरखरीत), पहिला फेरा रेषांना किंचित तिरका, मग सरळ रेषांच्या दिशेने. नंतर ६०. शेवटी ८०. मधला नंबर गाळायचा मोह होतो, कारण ३६ नंतरच जमीन स्वच्छ दिसायला लागते. पण ३६ ने पडलेले चरे ८० ने जात नाहीत. नुसतं पॉलिश लावायचं असेल तर ते खपून जातील, स्टेनमध्ये मात्र एकेक चरा काळी रेघ होऊन वर येतो. स्टेनमधले रंगकण लाकडाच्या छिद्रांत बसतात तसेच चऱ्यांतही बसतात. त्यांना दोन्हींत फरक कळत नाही. बाबा नेहमी म्हणायचे, पॉलिश लावायला एक दिवस, घासायला चार. लहानपणी मला ते कंटाळवाणं वाटे. आज जमिनीवर आडवी होऊन उजेडात चरे शोधताना ते वाक्य आठवत होतं.

भुसा: पिशवी अर्धी भरली की बाहेर नेऊन धातूच्या डब्यात रिकामी. जुन्या वॉर्निशची धूळ आणि लाकडाचा भुसा यांचं मिश्रण आपोआप तापून पेट घेऊ शकतं. रात्रभर मशीनला पिशवी ठेवायची नाही.

२८ एप्रिल, रविवार

कडा आणि कोपरे. एजर गोल फिरतो, त्यामुळे अर्धचंद्राकार खुणा राहतात, तेही रेषांना आडव्या. शिवाय कडेचं लाकूड मधल्यापेक्षा जास्त गुळगुळीत होतं, तिथे स्टेन कमी बसतो आणि खोलीभोवती फ्रेमसारखी चौकट दिसते. हौशी कामात सर्वांत जास्त दिसणारा दोष हाच. त्यावर उपाय म्हणजे कडा हाताने, रेषांच्या दिशेने, मधल्या भागाच्याच नंबरने परत घासणं. गुडघ्यांवर बसून ते केलं. कोपरे आणि रेडिएटरच्या नळ्यांभोवतीची जागा धारदार स्क्रेपरने.

काळे डाग बरेचसे सँडिंगमध्ये गेले. राहिलेले लोखंडाचे: ओकमधलं टॅनिन आणि खिळ्यातलं लोखंड ओलाव्यात भेटले की काळा पदार्थ तयार होतो. आजी केसांसाठी आवळकाठी लोखंडी कढईत भिजत घालायची आणि सकाळी पाणी काळंभोर झालेलं असायचं, त्यातलंच हे रसायन. ते काढण्यासाठी ऑक्झॅलिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून नुसत्या डागावर नव्हे तर अख्ख्या पट्टीवर लावलं, नाहीतर डागाच्या जागी फिकट ठिपका राहतो. हातमोजे, चष्मा. ॲसिड वाळून पांढरे स्फटिक उरतात, त्यांची धूळ फुफ्फुसाला वाईट. म्हणून ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा धुऊन काढले, कोरडे घासले नाहीत.

खिळ्यांभोवतीचे ठिपके जवळजवळ नाहीसे झाले. कुंड्यांच्या गोलांपैकी एकाची फिकट कड राहिली आहे. राहू दे. ती या घराची आहे.

३० एप्रिल, मंगळवार

धुतलेल्या पट्ट्या वाळल्या. आर्द्रतामापक सगळीकडे ८ टक्क्यांच्या आसपास दाखवतोय. संध्याकाळी बफरवर १०० नंबरची घासायची जाळी लावून पूर्ण जमिनीवर फिरवली, म्हणजे ड्रमचा भाग आणि एजरचा भाग एकजीव होतो. इथेच थांबायचं. आणखी बारीक घासलं तर जमीन हाताला रेशमी लागेल, पण छिद्रं बुजतील आणि स्टेन वरच्यावर राहील.

घासलेला रेड ओक पाहिला नसेल तर सांगते: तो गुलाबी असतो. सत्तर वर्षांच्या नारिंगी थराखालून ही कोवळी गुलाबी छटा निघाली तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत राहिले. पण रंग निवडताना याच गुलाबीशी गाठ पडणार आहे.

१ मे, बुधवार

रंगाचा दिवस. नवऱ्याला काळपट हवा, जॅकोबीन किंवा थेट एबनी (दोन्ही गडद स्टेनची नावं). सासूबाईंना "आपल्या सागवानासारखा". एका मैत्रिणीने करड्याची शिफारस केली. माझं म्हणणं एवढंच की डब्यावरच्या रंगपट्टीवरून काही ठरवायचं नाही. ती पट्टी बहुतेक वेळा दुसऱ्याच लाकडावर रंगवलेली किंवा नुसती छापलेली असते.

कपाटाच्या उरलेल्या पट्ट्या प्लायवर जोडून त्या त्याच मशीनने, त्याच नंबरांनी आधीच घासून ठेवल्या होत्या. त्यांना ओल्या पॅडने पाणी पाजलं (का, ते ३ मेच्या नोंदीत) आणि मिनवॅक्स कंपनीचे गोल्डन ओक, अर्ली अमेरिकन, स्पेशल वॉलनट, प्रोव्हिन्शियल, जॅकोबीन असे रंग लावून वाळवले. प्रत्येकाच्या अर्ध्या भागावर पॉलियुरेथेनचा, म्हणजे वरच्या पारदर्शक पॉलिशचा, हात, कारण कोरडा स्टेन आणि पॉलिशखालचा स्टेन हे दोन वेगळे रंग असतात. आज फळ्या घेऊन खोलीखोलीत फिरलो: सकाळी पूर्वेच्या खिडकीत, दुपारी हॉलच्या आतल्या भागात, रात्री पुढे इथे जे बल्ब लावणार आहोत त्याच बल्बखाली. बाबांनी कॉलवर मत द्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांना थांबवलं. फोनच्या पडद्यावर रंग कळत नाही.

दिसलं ते असं. करड्याचा एक तुकडा मैत्रिणीच्या शब्दाखातर केला होता, त्यातून गुलाबी वर आली आणि तो जांभळट पडला. रेड ओकवर करडा लावू नये, असं माझं ठाम मत झालंय. लालसर रंग गुलाबीला आणखी पेटवतात. गोल्डन ओकने आम्ही नुकताच काढून टाकलेला नारिंगी जवळजवळ परत आणला. जॅकोबीनमध्ये रेड ओकच्या वसंतातल्या वाढीची मोठी छिद्रं काळी होतात आणि उन्हाळ्यातली घट्ट वाढ फिकट राहते, त्यामुळे पट्ट्यांवरच्या कमानी ओरडायला लागतात. शिवाय गडद जमिनीवर धूळ दिसते, आणि ओरखडा पडला की खालचं फिकट लाकूड पांढऱ्या रेघेसारखं चमकतं. चार माणसं वावरणाऱ्या घरात हे मला नको.

सागवानासारखा रंग? सागाची तेलकट, सोनेरी गहिराई ओकला स्टेनने येत नाही. जवळचा तपकिरी आणता येईल, पण बघणाऱ्याला ते सोंग कळेल. मी सासूबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग ओकला शोभेल ते कर. उगीच ओढाताण नको." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

ठरलं: दोन भाग स्पेशल वॉलनट, एक भाग प्रोव्हिन्शियल. मध्यम तपकिरी, लाल किंवा पिवळ्याकडे न झुकणारा. गुलाबी दबते पण मरत नाही, आणि रेषा वाचता येतात. नवऱ्याने रात्री बल्बखाली पुन्हा एकदा दोन्ही फळ्या शेजारी ठेवल्या आणि जॅकोबीनची फळी स्वतःच बाजूला केली.

३ मे, शुक्रवार

जमिनीला पाणी पाजलं. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं: इतकं घासून गुळगुळीत केलेल्या लाकडावर पाणी कशाला? घासताना लाकडाचे धागे दबतात आणि छिद्रांची तोंडं मिटतात. पाण्याने धागे फुगून उभे राहतात, तोंडं उघडतात, स्टेन खोल आणि एकसारखा बसतो. कडा आणि मधला भाग यांतला उरलासुरला फरकही पुष्कळसा झाकला जातो.

स्वच्छ पाण्याने भिजवून पिळलेलं पॅड, पट्ट्यांच्या दिशेने, एकसारखा ओलावा, डबकं कुठेच नाही. सुटलेला कोरडा ठिपका स्टेनमध्ये फिकट दिसतो, म्हणून खिडकीसमोरून वाकून चमक बघत गेलो. यानंतर जमिनीवर बूट नाहीत, घासणं नाही, काही ठेवणं नाही. उभे राहिलेले धागे पायाखाली दबले तर तिथे पावलाचा ठसा उमटतो.

रात्रभर वाळू दिली.

४ मे, शनिवार

मापकावर परत ८. स्टेन.

सुरू करण्याआधी: तळघरातल्या वॉटर हीटरची पायलट ज्योत बंद, हीटिंग बंद. सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज लावलेले मास्क. धुळीचा साधा मास्क वाफा अडवत नाही. मुलगी मैत्रिणीकडे. सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून एकत्र केले, कारण दोन डब्यांत किंचित फरक असला तर तो खोलीच्या मधोमध दिसतो. तळाशी बसलेले रंगकण वर येईपर्यंत ढवळत राहायचं, आणि काम चालू असतानाही अधूनमधून.

मी लावणार, नवरा पुसणार. सर्वांत आतल्या भिंतीपासून दाराकडे. एका वेळी चार-पाच पट्ट्या, पण पूर्ण लांबीच्या. मधेच कुठे थांबायचं नाही. वाळलेल्या कडेवर ओला स्टेन चढला की दुहेरी पट्टा राहतो. लावला, काही मिनिटं मुरू दिला, मग कोरड्या सुती फडक्याने आधी आडवा आणि शेवटी रेषांच्या दिशेने पुसला. लाकडाने प्यायलं तेवढंच त्याचं. वर राहिलेला स्टेन वाळत नाही, आणि त्यावरचं पॉलिश पुढे सोलून निघतं.

बुडबुड्यांचा प्रयोग आज कामी आला. पुसून पुढे गेलो की दहा-पंधरा मिनिटांनी मागे नळ्यांतून स्टेन बारीक थेंबांनी परत वर येत होता. ते थेंब तसेच वाळले तर चकचकीत काळे ठिपके होतात. म्हणून पुसणारा दर थोड्या वेळाने मोजे घालून मागे जाऊन परत पुसत होता. हे दोन तास चाललं. रेड ओकवर एकट्याने स्टेन लावू नये. दुसरं माणूस हवंच.

बदललेल्या पट्ट्या ओळखू येत नाहीत. मी मुद्दाम शोधल्या.

फडकी: हे मोठ्या अक्षरांत लिहितेय. तेलकट स्टेनची फडकी गोळा करून ठेवायची नाहीत. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं आणि तापतं. बोळा केला की उष्णता आत कोंडते आणि फडकी आपोआप पेटतात. आमच्यापासून फार लांब नसलेल्या फिलाडेल्फियात २३ फेब्रुवारी १९९१ ला वन मेरिडियन प्लाझा या अडतीस मजली इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावर आग लागली. तिथे लाकडी पॅनेलच्या कामानंतर जवसाच्या तेलाची फडकी राहिली होती. तीन अग्निशामक जवान गेले. आमची फडकी पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात बाहेर अंगणात आहेत. गावाच्या घातक कचरा संकलनाच्या दिवशी तशीच द्यायची.

५ मे, रविवार

हवा दमट. पांढरं फडकं घासलं तर अजून हलका तपकिरी रंग येतोय. थांबलो. खिडक्या किंचित उघड्या, पंखा जमिनीवर रोखलेला नाही, खिडकीतून हवा बाहेर ओढणारा.

६ मे, सोमवार

फडकं कोरडं, वासही कमी. ऑफिसमधून आल्यावर पॉलियुरेथेनचा पहिला हात, तेलाधारित, सॅटिन (मंद चमकेचा). डबा हलवायचा नाही, बुडबुडे होतात. पण चमक मंद करणारी भुकटी तळाशी असते, म्हणून हलक्या हाताने नीट ढवळायचा. स्टेन आणि पहिला हात यांच्यामध्ये कागद लावायचा नाही. धागे उभे आहेत आणि हात लावला तर किंचित खरबरीत लागतं, तरी नाही. तिथे घासलं तर रंगच निघतो.

जलाधारित का नाही, हे नोंदवून ठेवते. ते पाण्यासारखं स्वच्छ राहतं, वास कमी, लवकर वाळतं. फिकट किंवा बिनस्टेनच्या ओकवर मी तेच निवडलं असतं. तेलाधारित थर कालांतराने पिवळसर होतो. आमच्या तपकिरीला ती ऊब मानवते, नमुन्याच्या फळीवर बघून घेतलंय. आणि तेलाच्या स्टेनवर जलाधारित लावायचं तर स्टेन आणखी वाळू द्यावा लागतो. तेवढे दिवस हातात नव्हते.

७ मे, मंगळवार

पहिला हात वाळला. २२० ने हलकं घासलं, व्हॅक्यूम, मिनरल स्पिरिटच्या (लाख विरघळवणारं स्पिरिट नव्हे, टर्पेंटाइनसारखं पातळक) फडक्याने पुसलं, दुसरा हात.

८ मे, बुधवार

पुन्हा तेच, तिसरा आणि शेवटचा. दाराच्या दिशेने मागे मागे येत बाहेर पडलो आणि कुलूप लावलं.

१० मे, शुक्रवार

गृहप्रवेश झाला. सगळे अनवाणी; जमीन चालण्याइतकी वाळली आहे, पण पूर्ण पक्की व्हायला महिना लागतो. म्हणून बेत आधीच आखला होता. रांगोळी बाहेर काँक्रीटच्या पायरीवर. कलश, समई, हळदकुंकू सगळं कडा असलेल्या मोठ्या परातीत, खाली स्वच्छ सुती चादर. हळद ताज्या थरात उतरली तर निघत नाही आणि समईच्या तेलाचा डाग राहतो. दूध स्वयंपाकघरात उतू घातलं, तिकडे अजून जुन्या टाइल्सच आहेत.

सासूबाईंनी सकाळच्या उन्हात हॉल बघितला, वाकून हात फिरवला आणि म्हणाल्या, "रेघा किती छान दिसतात." बाबांना मी या वेळी चमक दाखवली, रंग नाही. त्यांनी फोन जमिनीला टेकवून आडवा धरायला लावला, चरे बघायला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, "कडा हाताने घासल्यास का?" हो म्हटलं. "कळतंय."

१८ मे, शनिवार

सामान आलं. प्रत्येक पायाखाली नमदा चिकटवला, फ्रिज प्लायच्या तक्त्यांवरून आणला, काही ओढलं नाही. रेड ओकचा जांका कठीणपणा (लाकूड किती दाबाने खचतं याचं माप) १२९०, हार्ड मेपलचा १४५०. चांगलं कठीण लाकूड आहे, पण खडा अडकलेल्या खुर्चीच्या पायापुढे काहीच टिकत नाही.

९ जून, रविवार

महिना झाला, आज गालिचे अंथरले. खाली नमद्याचं अस्तर. रबर किंवा व्हिनाइलच्या पाठीचे गालिचे घेतले नाहीत, ते थराचा रंग बदलतात. महिनाभर उघडी ठेवल्यामुळे जमिनीचा रंग सगळीकडे सारखा मुरला आहे.

पुसण्याचा नियम फ्रिजवर लावला आहे: बादली आणि ओलं पोतेरं या खोल्यांत नाही, वाफेचा मॉपही नाही. कोरडा मायक्रोफायबर रोज, किंचित ओलसर आठवड्यातून एकदा, सांडलेलं लगेच पुसायचं. सासूबाईंना रोज ओलं पुसल्याशिवाय घर स्वच्छ वाटत नाही. त्यांना पट्ट्यांमधली फट दाखवली आणि पाणी तिथून कुठे जातं ते सांगितलं. त्यांनी स्वयंपाकघर ओल्याने आणि हॉल कोरड्याने अशी वाटणी करून घेतली आहे.

उरलेला मिश्र स्टेन काठोकाठ भरून छोट्या डब्यात, झाकण ठोकून, वर चिठ्ठी: दोन स्पेशल वॉलनट, एक प्रोव्हिन्शियल, १०० ची जाळी, पाणी पाजून, तेलाधारित सॅटिन. नमुन्यांची फळी कपाटात. पुढची कामं: स्वयंपाकघरातल्या टाइल्ससाठी परवानाधारकांकडून अंदाजपत्रक मागवायचं आहे. ऑक्टोबरात हीटिंग सुरू होण्याआधी ह्युमिडिफायर, आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत ठेवायची. जानेवारीत फटी मोजून इथे लिहायच्या.